काकवीच्या बाटलीतला नमुना

मंगळवारी सकाळी आमचे हे दूध आणायला गेले आणि कट्ट्यावर बसले. तिथून त्यांना दवाखान्यात नेलं. दुपारी घरी आणलं. मुलगा पुण्याहून आल्यावर पंचगंगेकाठी स्मशानात नेलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे, आणि ते लिहायचं तर लघवीबद्दल लिहावं लागणार. एरवी हा शब्द मी चारचौघांत उच्चारलाही नसता. कॉलेजच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. तिथे वैद्यकाच्या कपाटात मूत्रविकारांची पुस्तकं अगदी खालच्या फळीवर होती. ती मागायला येणारे उगीच घसा खाकरायचे आणि मीही वर न बघता शिक्का मारायचे. माझा या विषयाशी एवढाच संबंध होता.

आमच्याकडे माणूस गेलं की घरच्या बाईला एका जागी बसवतात. मला बाहेरच्या खोलीत खिडकीखाली सतरंजीवर बसवलं. तिथून हलायचं नाही, असं तोंडानं कुणी सांगत नाही. पण भेटायला येणारी बाई दारातच हंबरडा फोडते, सरळ तुमच्याकडे येते आणि गळ्यात पडते. हातकणंगल्याहून पॅसेंजर पकडून आलेली बाई दारात रडायला लागली आणि सतरंजीवर कुणीच नसलं, तर तिनं पडायचं कुणाच्या गळ्यात? मी बसून राहिले.

शिवाय दुखवट्याच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. माणसं गुपचूप उठतात, चपला शोधतात आणि जातात. त्यामुळे एक घोळका गेला आणि दुसरा अजून यायचा आहे, अशी मधली फट मला सापडायचीच नाही. गळ्यातल्या बाईला बाजूला करून मान वर करावी तर समोरचे चेहरे बदललेले असायचे.

समजा, फट सापडली, तरी पुढचा रस्ता सोपा नव्हता. आमचा संडास मागच्या अंगाला आहे. मधल्या खोलीतून, स्वयंपाकघरातून मागच्या पायऱ्या उतरून जायचं. त्या पायऱ्यांवर पुरुष मंडळी बसलेली असायची. उसाला तोड कधी मिळणार, यंदा कारखाना कधी सुरू होणार, असं खालच्या आवाजात चाललेलं असायचं. मी दिसले की सगळे एकदम गप्प व्हायचे आणि उठून उभे राहायचे. आदरानंच, यात शंका नाही. पण दोन्ही बाजूंना माना खाली घालून उभे असलेले पुरुष आणि त्यांच्या मधून संडासाला चाललेली मी, अशी मानवंदना एकदा घेतल्यावर पुन्हा घ्यायची माझी तयारी नव्हती. मी त्यावर माझ्या परीनं उपाय काढला. पाणीच प्यायचं बंद केलं.

चौथ्या-पाचव्या दिवशीच चुणचुण सुरू झाली. मग जळजळ. मग असं व्हायला लागलं की आत्ता जाऊन आले तरी पुन्हा जावंसं वाटायचं, आणि गेले की चार थेंब, तेही मिरचीच्या पाण्यासारखे. ओटीपोटात सारखं जड. आता मानवंदनेची लाज धरून चालण्यासारखं राहिलं नाही. गळ्यात पडलेल्या बाईचे हात सोडवून मी आत पळायला लागले.

याचा परिणाम भलताच झाला. खोलीत माझं नाव झालं.

“बघा, पुन्हा आत गेल्या,” मी वळले की मागून ऐकू यायचं. “माणसांत रडवत न्हाय त्यांस्नी.”

“शिकलेल्या बायकांचं असंच असतंय. सगळं आतल्या आत.”

“पाक खचल्यात वैनी,” बिद्रीच्या वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचा आवाज मोठा आणि मनही मोठं. माझी दर फेरी त्या पाहुण्यांना समजावून सांगायच्या. “पोटात घास न्हाय, डोळ्याला डोळा न्हाय. नुसती आत जाऊन रडालीया.”

खरं म्हणजे मी तोवर रडलेच नव्हते. आत जाऊन मी दातओठ खाऊन बसायचे. बाहेर आले की माझा चेहरा पाहून बायका पुन्हा रडायला लागायच्या, आणि मला आपलं वाटायचं की एवढं सगळं फुकट चाललंय.

मुलानंही हे पाहिलं होतं. एका संध्याकाळी माणसं जरा कमी झाली, तेव्हा तो जवळ येऊन बसला.

“आई, आज-उद्या नाही म्हणत मी. पण बारावा झाला की तू माझ्याकडं चल. आजीला आत्या बिद्रीला नेईल. हे घर बंद ठेवू. पुढचं पुढं.”

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्ती म्हणते. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीला लागून, तिकडे असंच म्हणतात आणि बायकाही पुरुषांसारखं ‘येतो, ऱ्हातो’ बोलतात. ऐंशी कधीच ओलांडलेल्या, कानांनी मंद, बाकी ठणठणीत. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशिवाय राहिलेली नाही. ह्यांच्याशी मी जेवढी बोलले असेन, त्याहून जास्त त्यांच्याशी भांडले आहे. ह्यांच्यामागे आता आम्हा दोघींना दोन गावांत ठेवायचं आणि दाराला कुलूप घालायचं, असं ठरत होतं.

“कशाला?” मी म्हणाले. “आम्ही दोघी राहू की.”

“आई, तू बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून उठून जातेस. तुझं लक्ष ठिकाणावर नाही. आजीलाच कुणीतरी बघायला लागतं, ती तुला काय बघणार?”

“माझं लक्ष अगदी ठिकाणावर आहे. मी तुला सांगते ना, मला फक्त…” आणि मला उठावं लागलं.

“बघ,” तो म्हणाला.

मुलाला सांगायचं तरी कसं? तो माझ्याच पोटचा, त्याचे लंगोट मीच धुतलेले. पण लघवीला जळजळतंय, हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना.

आत्तींचा बेत वेगळाच होता. त्यांनी लेकीला तोंडावर सांगून टाकलं होतं, “तुझ्या दारात मी ऱ्हायला यायची न्हाय. सणाला येतो, दोन दिस ऱ्हातो, लुगडं घेतो आणि माघारी येतो. हितं माझं घर हाय.”

“आन् वैनी पुण्याला गेल्यावर तुझं कोण करणार गं? ह्या भिंती?”

आत्ती माझ्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही माझ्याकडेच बघत होत्या. खोली भरली होती. जयसिंगपूरच्या एक बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि मी मांडीवर मांडी आवळून बसले होते. आत्ती समोरच्या भिंतीपासून बोलल्या. कमी ऐकू येणारी माणसं आपण हळू बोलतोय असं समजून जसं बोलतात, तसं.

“काय गं, उन्हाळी लागलीया का तुला?”

खोलीतलं रडणं थांबलं. खांद्यावरच्या बाईंनी डोकं उचललं.

“मुतताना जळतंय, व्हय की न्हाय?”

मी इतकी वर्षं कोल्हापुरात राहून शुद्ध बोलत आले. त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, “व्हय.”

“मग सांगंनास का? मी आपलं बघालोय, ही उठतीया-बसतीया, उठतीया-बसतीया. रडणारं माणूस असं पळत न्हाय.”

यानंतर त्या खोलीत जे झालं, तसं दुखवट्यात मी कधी पाहिलं नव्हतं. बायका सतरंजीवर पुढे सरकल्या.

“मला झालतं की आंब्याच्या दिसांत. जीव नको झालता.”

“आमच्या सुनंला दर लगीनसराईत हुतंय. दिसभर शालू नेसून कार्यालयात बसायचं, जाणार कुठं? तिथली ती संडासं बघिटली तर हुतंय ते बी थांबतंय.”

“मी तर एसटीत बसायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासनं पाण्याला शिवत न्हाय,” जयसिंगपूरच्या बाई म्हणाल्या. मग जरा घुटमळून त्यांनी माझ्याच कानात विचारलं, “ओ वैनी, संडास कुठं हाय?”

त्यांच्यामागे दुसरी उठली, मग तिसरी. स्वयंपाकघरात रांग लागली. सगळ्या सकाळपासून धरून बसल्या होत्या आणि कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मागच्या पायऱ्यांवरचे पुरुष दर बाईला उठून उभे राहून दमले. शेवटी आत्ती काठी टेकत तिथवर गेल्या. “उठाबश्या काढू नगासा. म्होरल्या अंगाला जाऊन बसा जावा,” म्हणाल्या. पुरुष पुढच्या अंगणात गेले. हे पहिल्या दिवशी कुणाला सुचलं असतं, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

मग औषधं सुरू झाली. धने-जिरे भिजवलेलं पाणी आलं, सब्जा आला. कुणीतरी काशाच्या वाटीनं माझे तळपाय घासायला घेतले. वन्सं आपल्या पिशवीतून कागदाची पुडी घेऊन आल्या.

“नातवाच्या घशाला दिलत्या डॉक्टरनं. तीन उरल्यात. जळजळ ती जळजळ, घशाची काय आन् खालची काय. गिळा.”

गोळ्या मी पदराच्या गाठीत बांधल्या आणि वर पाणी प्यायले. पाणी तरी पोटात गेलं.

एवढं जगजाहीर झाल्यावर मुलापासून काही लपलं नाही. तो कानकोंडा झाला. पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंना त्यानं फोन केला. त्या शिकत असताना आमच्या ग्रंथालयात अभ्यासाला येत. आधी लघवी तपासून घ्या आणि रिपोर्ट घेऊन या, असं त्यांनी सांगितलं.

आणि इथे बाटलीची गोष्ट येते.

वन्सं येताना आत्तींसाठी गुऱ्हाळातून काकवी घेऊन आल्या होत्या. आत्तींना भाकरीबरोबर ती लागते. बाटली नुकतीच संपली होती. “लॅबमधून डबी कशाला आणायची? ही काय वाईट हाय?” असं म्हणून वन्संनी ती दोनदा विसळली, दिव्याकडे धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. बाटलीचं तोंड अरुंद, त्यात बोट जात नाही. काकवी कशाला चिकटून बसते, हे ज्यानं ती खाल्लीय त्याला सांगायला नको. पण मी वादात पडण्याच्या स्थितीत नव्हते.

संध्याकाळी रिपोर्ट आला. मुलानं तो उभ्या उभ्या वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“लघवीत साखर आहे. भरपूर.”

खाली आणखी ओळी होत्या. त्यात पू-पेशी भरपूर, असंही होतं. पण साखर म्हटल्यावर पुढे कुणी वाचलंच नाही. आयुष्यभर छापील कागदांशी नातं असलेल्या मीसुद्धा नाही.

“धसक्यानं झाली!” वन्संनी कपाळावर हात मारला. “आमच्या गावात साखरेचा कारखाना, पोती रचून ठेवल्यात, तरी घरात एकाला बी साखर न्हाय. आन् ह्यांच्या अंगात निघाली!”

“आता प्रश्नच मिटला,” मुलगा म्हणाला. “पुण्याला चल. तिथं मोठे डॉक्टर आहेत. आजीचं मी आत्याशी बोलतो.”

वन्संनी आत्तींचं लुगडं घडी घालून पिशवीत ठेवलंसुद्धा. आत्तींनी ते काढलं. वन्संनी पुन्हा ठेवलं. दोघी मायलेकी एकमेकींकडे न बघता हे करत होत्या. तेवढ्यात मला पुन्हा उठावं लागलं. परत आले तर लुगडं पिशवीतच होतं आणि आत्ती भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी रिपोर्ट अगदी तळापर्यंत वाचला. माझ्या बोटाला सुई टोचून रक्तातली साखर बघितली. ती अगदी बेताची निघाली. त्यांनी भुवया वर केल्या.

“काकू, लघवी कशात दिली होती?”

“बाटलीत.”

“कसल्या बाटलीत?”

मी सांगितलं. त्या टेबलावर डोकं टेकवून हसल्या. मुलगा आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागला.

“काकवीला डायबिटीस आहे,” त्या म्हणाल्या. “काकूंना नाही.”

मग त्यांनी नीट विचारलं. ताप आला का? थंडी वाजली? बरगड्यांखाली, पाठीच्या बाजूला दुखतं का? उलटी? रक्त दिसलं? मी प्रत्येकाला नाही म्हणाले.

“म्हणजे खालीच आहे, मूत्राशयात. वर मूत्रपिंडापर्यंत गेलेलं नाही. यातलं एक जरी झालं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक यायचं.” मग त्या मुलाकडे वळल्या. “जंतू परगावाहून येत नाहीत. आपल्याच आतड्यात राहतात आणि तिथं शहाण्यासारखे वागतात. वाट चुकून लघवीच्या मार्गात शिरले की त्रास. बायकांचा हा मार्ग आखूड. पाळी गेली की तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, मग त्यांचं आणखी फावतं. तरी लघवी वाहती राहिली तर बरेचसे धुऊन जातात. यांनी पाणी बंद केलं आणि वर धरून बसल्या. आपल्या राधानगरीचे दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. काकू, तुमचे तसे नाहीत.”

“पण हे सगळं मानसिक धक्क्यामुळं…” मुलगा म्हणाला.

“धक्का बसलाच आहे. त्यावर माझ्याकडं गोळी नाही. यावर आहे.”

त्यांनी लॅबची बंद डबी दिली आणि कसं करायचं ते सांगितलं. आधी स्वच्छ पाण्यानं धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची. प्रस्तावना सोडून मधलं प्रकरण वाचायचं, एवढं मला लगेच समजलं. त्या नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून, कोणत्या औषधानं ते मरतात हे बघणार होते. त्याला दोन-तीन दिवस लागतात, तोवर या गोळ्या, पाच दिवस, जेवणाबरोबर. मी पदराची गाठ सोडून वन्संच्या गोळ्या पुढे केल्या.

“घेतली नाहीत ना यातली? बरं केलंत. उरलेल्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते सावध होतात. आणि माझ्याही गोळ्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत.”

नवा नमुना देऊन घरी आले आणि जेवायला बसले. गोळीच्या पाकिटातून घडी घातलेला कागद निघाला. घरात कुणाचंही औषध आलं तरी हा कागद हे वाचायचे. चष्मा कपाळावरून खाली घेऊन, मोठ्यानं, दुष्परिणामांसकट. औषध माझं असलं तरी दर दुष्परिणामाला म्हणायचे, “हे मला होतंय बघ.” मळमळ? होतंय. डोकं जड? सकाळपासून. मी चिडायचे. त्या दिवशी मी कागद उघडून मनात वाचला. मळमळ होऊ शकते. डोकं दुखू शकतं. लघवीचा रंग गडद होऊ शकतो. प्रत्येक ओळीनंतर मी थांबत होते. कुणी काही म्हणालं नाही. तिथे मी रडले. पुढचं ताट तसंच ठेवून, आवाज काढून. वन्सं स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि मला काही न विचारता माझ्याबरोबर रडल्या.

दोन दिवसांत जळजळ गेली. लघवी कडक चहासारखी पिवळी-तपकिरी व्हायची, पण कागदात लिहिलेलं असल्यानं मी घाबरले नाही. नव्या नमुन्यात साखरेचा कण नव्हता. जंतू सापडला आणि चालू होती तीच गोळी त्याला लागू पडणारी निघाली. मी पाची दिवस घेतली.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मुलानं बॅग भरली. वन्संची पिशवी दारात होती आणि लुगडं अजून तिच्यातच होतं. आत्ती माझ्या शेजारी बसल्या होत्या.

“आई, तुझी बॅग?” त्यानं विचारलं.

“बस जरा,” मी म्हणाले. “मला जळजळ होत होती म्हणून माझं वाक्य पुरं होत नव्हतं. आता होतंय. ऐक. तुझे वडील गेले, त्याचं मला दुःख आहे आणि ते राहणार. पुण्यात राहील तसंच इथंही राहील. पण मी खुळी झालेली नाही आणि मला साखर नाही. मी आणि आत्ती इथंच राहणार आहोत. रोज फोन कर. त्रास झाला तर मी सांगेन. कसलाही झाला तरी, त्याचं नाव घेऊन सांगेन.”

एवढं सलग मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. तो माझ्याकडे बघत राहिला, वाक्य कुठे तुटतंय का याची वाट बघितल्यासारखा.

“आणि आजीचं?” त्यानं विचारलं. “तिचं काही झालं तर?”

आत्तींना एवढंच ऐकू आलं. “माझं काय बघतोस? हिचं मी बघतो की. कुणी बघिटलं हिचं उन्हाळीचं? तुमी सगळी डोळं फाडून बसलातासा, बघिटलं मी.”

“बघिटलंस, बघिटलंस,” वन्सं म्हणाल्या. “गावाला ओरडून सांगिटलंस बी.” त्यांनी वाकून पिशवीतलं लुगडं काढलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. “ऱ्हावा दोघी. पर दिवाळीला न्यायला येणार बघ.”

“दोन दिस,” आत्ती म्हणाल्या.

मुलानं बाहेर जाऊन गाडीत फक्त आपली बॅग ठेवली. मग परत आत आला आणि आम्हा दोघींच्या पाया पडला.

याला आता काही महिने झाले. मुलगा रोज फोन करतो. वन्सं दिवाळीला येऊन आईला घेऊन गेल्या आणि दोन दिवसांनी परत आणून सोडून गेल्या. हे नाहीत. मी आहे, आत्ती आहेत आणि घर उघडं आहे.